देव बोगद्यातून जात नाही

माझं माहेर आणि माझ्या थोरल्या बहिणीचं सासर यांच्यामध्ये फक्त एक रस्ता आहे. पूर्वी तो दुपदरी होता, आता चौपदरी महामार्ग झालाय, आणि तो करणाऱ्यांत मीही होते. मी रस्त्यांची इंजिनीअर. राहते रत्नागिरीत मांडवीला, माहेरचं गाव चिपळूणच्या वाटेवर.

दुपदरीच्या काळात ताई तिच्या अंगणातून हाक मारायची आणि आम्ही आमच्या अंगणातून ओ द्यायचो. तिचा नवरा मुंबईला नोकरीला, ती एकटीच घर बघायची. पण एकटी कसली! संध्याकाळी कालवणाची वाटी पदराखाली धरून रस्त्याच्या कडेला उभी राहायची, ट्रक गेला की झपाझप आमच्याकडे. त्या हाकेची सवय मला इतकी होती की तिचं कधी काही विशेष वाटलंच नाही.

चौपदरीकरणाच्या आखणीत आमच्या गावाजवळ लोकांनी रस्ता कुठून ओलांडायचा, याचा अहवाल करायचं काम माझ्याकडे आलं. वरच्यांना वेग हवा होता. बागायतदारांना आंब्याची कलमं वाचवायची होती. हॉटेलवाल्याला त्याच्या दारासमोरच दुभाजकात कट हवा होता, शाळेला पोरं जिवंत पोचायला हवी होती. सगळ्यांचंच बरोबर होतं, हीच तर पंचाईत. तरी सगळे माझ्याकडे असे बघायचे, जणू रस्ता मी घरून आणलाय.

ताई म्हणाली, "आमच्या वाडीसमोर एक कट ठेव गो. आम्ही बघून जाव."

मी तिच्यावर खेकसले. "वळणावरून उतारानं येणारा ट्रक तुला बघून थांबणार आहे काय? तुमच्या वाडीची पोरं रोज शाळेला अलीकडे येतात."

ती म्हणाली, "बरं. तुला कळतं ते कर."

मी बोगद्यासाठी भांडले. रस्त्याखालून जाणारी वाट. वरून गाड्या, खालून माणसं. खर्च वाढत होता, साहेब वैतागले होते, पण मी हटून बसले. खाली वाट हवी तर रस्ता उंच भरावावर न्यावा लागतो, म्हणजे दोन्ही अंगणांमध्ये भिंत उभी राहणार. हे मला कागदावर ठाऊक होतं. शाळेची रिक्षा, रुग्णवाहिका, गुरं, सगळ्यांचा विचार केला. पेंढ्यानं भरलेल्या टेंपोची उंचीसुद्धा मी स्वतः टेप धरून मोजली. पालखीचं कुणाला विचारलं नाही. जिथून टेंपो जातो तिथून पालखी जाईलच की, असं मी धरून चालले. जन्म त्या गावातला, आणि अक्कल ही.

रस्ता झाल्यानंतरचा पहिला शिमगा. आमच्याकडे ग्रामदेवतेची पालखी शिमग्यात घरोघर जाते. अंगणात नाचते, घरची बाई ओटी भरते, मानकरी त्या घरासाठी देवाला गाऱ्हाणं घालतात. आमच्या वरच्या वाडीची घरं झाली, ढोल वाजत पालखी बोगद्याच्या तोंडाशी आली आणि थांबली.

"देवाच्या माथ्यावरनं गाड्या जायच्या?" मानकरी म्हणाले. "नाय जमायचं."

गुरवानं देवाला कौल लावला. कौल मिळाला नाही. पुढचा कट शेजारच्या गावाच्या हद्दीत, आणि आमची पालखी शीव ओलांडत नाही. भरावावर तर माणूसही चढू शकत नाही, पालखी कुठली? पालखी मागे फिरली. पलीकडे ताई सारवलेल्या अंगणात रांगोळी घालून, ताट भरून उभी होती.

तिनं मला एका शब्दानं बोल लावला नाही. दोन शिव्या घातल्या असत्या तर मी जेवले तरी असते.

त्याला आता काही वर्षं झाली. वळणावर एकही पोर दगावलेलं नाही. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगते आणि ते खरं आहे. तरीही माहेरच्या पडवीत बसलं की समोर नुसती भरावाची काँक्रीटची भिंत दिसते, आणि मला माझ्या बहिणीची हाक हवी असते. फोनवर रोज बोलते ती. मला ते नको आहे. मला ती रस्त्याकडेला उभी असलेली दिसायला हवी आहे.

यंदा शिमग्याला मी आधी तिच्याकडे गेले. अंगण सारवलेलं, रांगोळी काढलेली. दर वर्षी काढते.

"कशाला करतेस ताई?"

"तो नाय आला म्हणून मी अंगण तसंच ठेवू?"

"मग तू चल ना. माहेरी, दादाच्या दारात भर ओटी."

"माज्या घरची ओटी तितं कशी भरू? तितं मी पाव्हणी." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "चुकलं असं वाटतं काय गो तुला?"

"नाही. पुन्हा आखायला दिला तरी बोगदाच देईन."

"मग रडतंस कशाला?"

"तू दिसत नाहीस म्हणून."

तिनं माझे डोळे पदरानं पुसले आणि ताट माझ्या हातात दिलं. "तू ने. माज्या घरची म्हणून सांग."

बोगद्यातून ताट सांभाळत मी अलीकडे आले. वरून गाड्या धडधडत होत्या. दादाच्या अंगणात पालखी टेकली होती. मी ताट पुढे केलं, खालच्या वाडीतल्या माझ्या बहिणीच्या घरची ओटी म्हणून सांगितलं. मग ताईला फोन लावला आणि स्पीकर सुरू करून मानकऱ्यांसमोर धरला. म्हातारबांनी फोनकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघितलं. मला वाटलं, आता ओरडतात. त्यांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, खालच्या वाडीची ही तुजी लेक, तिच्या घरची ओटी तुज्या पायाशी पोचली हाय..."

"व्हय म्हाराजा!" सगळं अंगण एका आवाजात म्हणालं.

सगळ्यांचं म्हणून झालं, आणि माझ्या हातातून, जरा उशिरानं, एकटीचा आवाज आला. "व्हय म्हाराजा."

मानकरी पुढचं बोलले, "तिच्या चाकरमान्याला मुंबईत सुखी ठेव म्हाराजा," आणि या वेळी कुणीच ओ दिली नाही. सगळे फोनकडे बघत उभे राहिले, ती म्हणेपर्यंत.