आमचं सॉफ्टनर डाळीनं निवडलं

मंडळी, आमच्या बोअरचं पाणी इतकं जड आहे की दोन गीझर गेले, साबणाला फेस येत नाही आणि तुरीची डाळ कुकरमधूनही आख्खीच बाहेर येते. श्रीगोंद्याकडच्यांना वेगळं सांगायला नको.

म्हणून आज पाणी मऊ करायची उपकरणं विकणाऱ्या दोन विक्रेत्यांना बोलावलं. एकाकडे पाइपवर बसवायचं चुंबक, दुसऱ्याकडे मिठावर चालणारं सॉफ्टनर. दोघं तासभर बोलले. मला दोघांचंही पटलं, हीच अडचण.

शेवटी सासूबाई उठल्या. "बोलनं लई झालं. दोघांच्या पान्यात डाळ लावते. बसा आता."

दोघांनी आपापलं नमुन्याचं उपकरण बोअरच्या पाइपला जोडून पातेलंभर पाणी काढून दिलं. दोन कुकर, एकाच डब्यातली डाळ, पाच-पाच शिट्ट्या. चुंबकाच्या पाण्यातली डाळ रोजच्यासारखीच टणक. सॉफ्टनरच्या पाण्यातली पळी लावताच मोडली.

जेवायची वेळ झालीच होती. सासूबाईंनी दोघांनाही पानावर बसवलं आणि चुंबकवाल्याला विचारलं, "कोन्ती वाढू, बाबा?"

तो खाली मान घालून म्हणाला, "आई, ती मऊ झालेली द्या."

त्याच्या भातावर त्यांनी तूप जरा जास्तच सोडलं.

सॉफ्टनर ठरलं. तुमच्या घरी अशा वस्तू कोण निवडतं, माहिती ऐकणारा की रोज रांधणारा?