पानदानवाल्याला सलाम

देवगाव रंगारीच्या कडूबाचा बद्रीनाथ ताडमाड वाढला, तेव्हा त्याच्या आईला एकच घोर लागला, की या पोराच्या खांद्याला लागेल अशी नवरी आणायची कुठून. औरंगाबादच्या एका कापड गिरणीचे मालक नानासाहेब यांना मात्र नेमकी तीच उंची आवडली. नानासाहेबांना बास्केटबॉलचं खूळ होतं. निजामाच्या राज्यात हा खेळ ठाऊक असणारेच मोजके. पगार देऊन खेळाडू पोसणारा असा वेडा आमच्याकडं हा एकच. हजेरीपटावर बद्रीनाथ फिटर होता, पण पान्याला त्यानं हात लावला असेल तर शपथ! सकाळ-संध्याकाळ खेळायचं आणि गिरणीच्या खर्चानं दूध प्यायचं. गावात कडूबा मिशीवर ताव देऊन सांगायचा, "पोरगं नौकरीला हाय." कसल्या नोकरीला, असं कुणी विचारलं की त्याला बैलांना पाणी पाजायचं आठवायचं.

संघात बद्रीनाथची जोडी इलियासशी. इलियास शहागंजातला, बुटका आणि भलता चपळ. त्यानं गर्दीतून चेंडू काढून द्यायचा, यानं जाळीत टाकायचा. दोघं जेवायलाही एकाच ताटात बसायचे.

पुढं कापडाला मंदी आली आणि नानासाहेबांचे भागीदार कुरकुरू लागले. चेंडू उडवायचा कसला पगार? शेवटी ठरलं, की जालन्याच्या संघाला हरवलं तर खेळाडूंचा पगार चालू, नाहीतर सगळे कापूस पिंजायच्या खात्यात. त्या खात्यात धड माणूस शिरला की थोड्याच दिवसांत खोकत बाहेर यायचा, हे गिरणीत सगळ्यांना माहीत होतं.

गिरणीच्या मैदानावरच्या त्या सामन्याला खुद्द सुभेदारसाहेब, म्हणजे अख्ख्या सुभ्याचे बडे अंमलदार, येणार अशी वर्दी होती. खेळ संपत आला तेव्हा गिरणीचा संघ एका गुणानं मागं होता. इलियासनं दोघांना हुलकावणी देऊन चेंडू फेकला. बद्रीनाथ जाळीखाली एकटा, समोर कुणी नाही. तेवढ्यात फाटकातून शेरवानी, डोक्यावर दस्तार, कमरेला चकाकता पट्टा, असा दरबारी पोशाख आत आला.

साहेब दिसला की हातातलं काम टाकायचं अन् झुकायचं, हे कडूबानं त्याला लहानपणापासून शिकवलेलं. बद्रीनाथनं हातातला चेंडू खाली सोडला आणि वाकून सलाम केला. चेंडू जालन्यानं उचलला. शिट्टी झाली.

आलेला माणूस सुभेदार नव्हताच! साहेबांचं पानदान घेऊन पुढं आलेला तो खिदमतगार होता. एवढ्या लांबून आपल्याला कोण सलाम करतंय म्हणून तो बिचारा गोंधळला आणि त्यानंही अदबीनं सलाम केला. मैदान खदखदून हसलं. मला मात्र आजही ते सांगताना हसू येत नाही.

संघ मोडला. उंची बघून बद्रीनाथला फाटकावर पहारेकरी नेमलं, इलियास पिंजणखात्यात गेला. येता-जाता तो फाटकावर पहिल्यासारखाच हसायचा, हेच बद्रीनाथला जास्त लागायचं. मग तो मनाशी म्हणायचा, इलियास शहरातला, धीट. आपण खेड्यातले, भीती रक्तातच, त्याला आपण काय करणार?

काही वर्षांत इलियासचा दम गेला. गिरणी सोडून तो सोयगावला बहिणीकडं, हसीनाकडं निघाला. फाटकात बद्रीनाथनं त्याची वळकटी टांग्यात ठेवली आणि इतकी वर्षं गिळलेलं विचारलंच.

"इलियासभाई, त्या दिशी तू का नाय झुकला? तुला भ्या नाय वाटलं?"

इलियासला खरंच नवल वाटलं. खोकला आवरत तो म्हणाला, "कायका डर रे? मैं तो बॉलकू देख रा था. कोन आया, कोन गया, मेरेकू दिखाच नै."

टांगा निघून गेला. बद्रीनाथ तिथंच उभा राहिला. रक्ताचा दोष नव्हताच; जाळीखाली उभं राहून त्यानं चेंडू सोडून फाटकाकडं पाहिलं होतं, एवढंच.