फणसाचा अष्टकोनी पाट

आमच्या घरात मुलींनी हत्यारं ओलांडायची नाहीत, असा नियम होता. करवत वाटेत पडलेली असली तरी वळसा घालून जायचं. भाऊ मात्र त्याच हत्यारांच्या पेटीवर बसून पाव खायचा. जुन्या पनवेलमधल्या आमच्या पडवीत बाबांनी चौकोनाचा अष्टकोन कसा करायचा ते शिकवलं भावाला, आणि शिकले मी, स्वयंपाकघराच्या दारातून.

बाबांची रीत सोपी होती. झाडूतली नारळाची हीर काढायची, चौरस फळीच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत धरायची, तेवढीच तोडायची आणि बरोबर मध्ये मोडायची. ही अर्धी हीर प्रत्येक कोपऱ्यापासून दोन्ही कडांवर ठेवून खूण करायची. आठ खुणा होतात. त्या तिरप्या जोडून चारही कोपरे उडवले की आठही बाजू सारख्या. टेप नको, आकडा नको. ते हे सांगत असताना भावाचं लक्ष गल्लीतल्या क्रिकेटमध्ये होतं. पुढे मी गणिताची शिक्षिका झाले, आणि ही रीत अचूक का ठरते ते कागदावर मांडून बाबांना दाखवायला गेले. ते म्हणाले, चहा टाक.

गेल्या वर्षी ओवे गावचे एक आजोबा आले, बाबांचं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या जागेवर इमारत उभी राहतेय, त्यात अंगणातला फणस गेला. त्याची एवढी एकच फळी उरली होती. तिचा गणपतीसाठी अष्टकोनी पाट हवा होता. बाबांना आता धड दिसत नाही, म्हणून ते म्हणाले, मुलगा करेल.

भावाचं सुकापूरला मॉड्युलर किचनचं दुकान आहे. तिथे माप कॉम्प्युटर काढतो आणि लाकूड मशीन कापतं. त्याने त्या दोन फुटी चौरस फळीच्या प्रत्येक बाजूचे टेपने तीन सारखे भाग केले, कोपरे उडवले आणि पाट पडवीत आणून टाकला. चार बाजू आठ इंचांच्या, चार सव्वाअकराच्या. सुताराचा मुलगा, आणि ही चूक! मी दाखवली तर म्हणाला, देव काय टेप घेऊन बसणार आहे का? आणि गाडी काढून निघून गेला.

माझं डोकं फिरलं. त्या रविवारी मी पहिल्यांदा बाबांच्या पेटीला हात लावला. समोरासमोरच्या तिरप्या बाजूंमध्ये जेवढं अंतर होतं, तेवढी हीर तोडली. सरळ बाजूही तेवढ्याच अंतरावर येईपर्यंत चारही बाजूंनी सारखं कापलं, मग रंधा मारला. तळहाताला फोड आले. पाट जरासा लहान झाला, पण अष्टकोन झाला.

आजोबा न्यायला आले तेव्हा बाबांनी हिरीचा तुकडा एका बाजूएवढा तोडला आणि आठही बाजूंना लावून बघितला. त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, "पोराचा हात बसला आता." आजोबा म्हणाले, "तुमचाच हात उतरलाय त्याच्यात. दुसऱ्या कुनाला जमाचा नाय." भाऊ शेजारी उभा राहून हसत होता. मी चहा घेऊन उभी होते.

सगळे गेल्यावर मी बाबांना म्हटलं, तो पाट मी केलाय.

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "आतनं रंध्याचा आवाज आयकत होतो. त्यानं रंधा धरलाय कधी? पण त्याला दुकान चालवायचं हाय. तुला काय, तुजी शाळा हाय."

त्यांना कळलंच नसतं, तर मी विसरले असते. त्यांना कळलं होतं, आणि तरीही त्यांनी माझं काम त्याला देऊन टाकलं. हे मी अजून गिळू शकलेली नाही.

दसऱ्याला नेहमीप्रमाणे पूजा भावाच्या हातून, आणि हत्यारांपुढची रांगोळी माझ्याकडे. मी दोन हातांचा चौकोन आखला, प्रत्येक बाजूचे भावासारखेच मोजून तीन सारखे भाग केले, कोपरे तिरपे जोडले, आत हळदकुंकू भरलं. बाबांना ती दिसली नाही. भाऊ तिच्यासमोर बसला, हात जोडले, आणि म्हणाला, वा, छान काढलीस.