उमऱ्याआधीचे बूट

लोहाऱ्याहून धाराशिवला येताना जीपमध्ये माझ्या शेजारी बुरख्यातल्या एक चाची बसल्या होत्या. त्या सारख्या आपल्या नव्या पांढऱ्या बुटांकडं बघून हसत होत्या. स्टँड बराच लांब असताना त्यांनी जीप थांबवायला लावली. मलाही तिथंच उतरायचं होतं.

"पुढच्या जुम्म्याला उमऱ्यासाठी मक्केला निघायचंय," त्यांनी न विचारताच सांगितलं. "पोरगा म्हणतो, गुडघे दुखतात, तिथं व्हीलचेअरवर बसवतो. म्या म्हणलं, काबा डोळ्यापुढं असताना खुर्चीत कोण बसंल? म्हणून रोज चालायची सवय करते."

थोडं पुढं गेल्यावर त्या लंगडू लागल्या. एका कट्ट्यावर टेकून त्यांनी बूट काढला, तर टाचेवर फोड आलेला.

"चाची, जुनी चप्पलच न्या की," मी म्हणाले.

"अगं, नवा बूट चावणारच. त्याला काय चावायचं ते इथंच चावून घेऊ दे. तिथं मला पायाकडं बघायला सवड न्हाय!"

टाचेला रुमालाची घडी लावून त्या अशा झपाझप निघाल्या, की त्यांना गाठायला मला पळावं लागलं. आणि पळताना मलाच कुठंतरी लांब निघाल्यासारखं वाटत होतं.