फुकटात चालणारा विभाग

माझी मावशी अंबिका मुळ्ये बनारसच्या एका सरकारी विद्यापीठात बी.एड.ला शिकवायला होती. विज्ञान कसं शिकवावं, हे ती होणाऱ्या शिक्षकांना शिकवायची. लग्न केलं नव्हतं. दुर्गाघाटाजवळ आमच्याकडेच राहायची. तिचे विद्यार्थी शहरातल्या शाळांत सराव पाठ घेत, तेव्हा मागच्या बाकावर बसून प्रत्येकाचा पाठ पाहणं हे तिचं खरं काम. कोण फळ्याशीच बोलतो, कोण प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबत नाही, हे ती नंतर ज्याला त्याला एकट्याला गाठून सांगे.

ब्याण्णव साली विद्यापीठाने हात आखडता घेतला आणि पहिली कात्री शिक्षण विभागाला लागली. शाळांत जायचा खर्च बंद, प्रयोगांचं सामान बंद. बी.एड.ची फी मात्र जमा होत राहिली आणि दुसऱ्याच विभागांकडे वळत राहिली. मावशी पदरचे पैसे घालून रिक्षाने शाळा गाठू लागली. आमच्या घरातले काचेचे पेले, मेणबत्त्या तिच्या पिशवीत जाऊ लागल्या. आई कुरकुरायची.

काही वर्षं अशी काढून ती वित्त समितीपुढे गेली. समितीत बिंदुमाधव शेवडे होते. रसायनशास्त्राचे प्रोफेसर, आमच्याच गल्लीतले. बी.एड.च्या फीमधला रास्त वाटा बी.एड.वर खर्च व्हावा, एवढंच तिचं मागणं.

"पण अंबिकाताई, सगळं छान चाललंय की," बिंदुमाधव म्हणाले.

"मी खिशातून घालतेय म्हणून चाललंय!"

"तेच म्हणतोय मी. मास्तर घडवायला काय लागतं? खडू आणि फळा. आमच्या प्रयोगशाळेचं तसं नाही हो."

त्या दिवशी ती जेवली नाही. "माझ्याच कष्टांचा दाखला देऊन मला परत पाठवलं," आईला म्हणाली. त्या हिवाळ्यात तिने शाळांत जाणं बंद केलं.

गंगा नावाची तिची विद्यार्थिनी घरी आली. घराण्यात शाळेची पायरी चढलेली पहिलीच मुलगी.

"मैडम, मेरा पाठ कौन देखेगा?"

"विश्वविद्यालय से पूछो," मावशी म्हणाली आणि आत निघून गेली.

गंगा सातवीच्या वर्गात उभी राहिली आणि सगळं विसरली. मुलं हसली. ती रडत बाहेर आली. कुठे चुकलं, हे सांगायला बाकावर कुणी नव्हतं. विभागातल्या दुसऱ्या सरांनी आपल्या खोलीत बसून तिच्या पाठावर 'उत्तम' असा शेरा मारला. तसाच सगळ्यांच्या पाठांवर मारला. त्या वर्षी एकही जण नापास झाला नाही, आणि समितीत विभागाचं कौतुक झालं.

काम थांबवलं की कुणाला तरी ते जाणवेल, असं मावशीला वाटलं होतं. कुणालाच जाणवलं नाही, तेवढं एक तिला सोसलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात तिने पुन्हा पिशवी भरली.

"आता कुणासाठी?" आईने विचारलं.

"पोरी वर्गातून रडत बाहेर येतात गं."

कोपऱ्यावर बिंदुमाधव भेटले. "वा ताई, पुन्हा सुरू केलंत! तुमच्यासारखी त्यागी माणसं आहेत म्हणून बरं." ती पिशवी सावरत पुढे गेली. त्यांच्या घरच्या गणपतीला मात्र ती पुन्हा कधी गेली नाही.

नव्याण्णवला ती निवृत्त झाली. तिची जागा भरली गेली नाही.