आबेलकाकांची उमेदवारी

आबेलकाका जमिनीत कुदळ घालण्याआधी लोखंडी सळई तिरकी खुपसून बघत. वीतभर पुढे सरकत, पुन्हा खुपसत. नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेप गावात भाजीपाल्यासाठी भाड्याने मिळणाऱ्या जमिनीत आमचे वाफे शेजारी शेजारी होते. पहिल्या दिवशी मी हसून विचारलं, "काका, गुप्तधन शोधताय का?" तर म्हणाले, "आमच्याकडे बटाट्याआधी सुरुंग निघतो. हाताला सवय लागली आहे." मला कुठे तोंड लपवू असं झालं.

त्यांच्या देशाचं नाव लिहीत नाही. त्यांची माणसं अजून तिथे आहेत. साठी उलटलेले काका तिथल्या शेतीखात्यात होते, जीव वाचवून इथे आले. आम्ही इंग्रजीत बोलत असू, पण 'काका' हा शब्द त्यांनी आवडीने ठेवून घेतला होता. मी नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, पुण्यात व्हिडिओ बनवण्याचं काम केलेली आणि इथे रिकामी. मला वेळच वेळ होता.

"तहावर सही केली की शांतता येत नाही," ते म्हणत. "ज्याने पेरलं त्यालाच कापता आलं, की आली." आणि पुढारी? "पाणी वाटणाऱ्या माणसासारखा. स्वतःच्या शेताला सगळ्यात शेवटी." मी म्हटलं, त्याला आमच्याकडे पाटकरी म्हणतात. "मग मी देशाचा पाटकरी होणार!" मला थट्टा वाटली. पण परदेशातल्या त्यांच्या लोकांनी त्यांना खरंच राष्ट्राध्यक्षपदासाठी उभं करायचं ठरवलं होतं.

प्रचाराचा व्हिडिओ मी काढला. वाफ्यात उभं राहून ते बियाणं, पाणी, सुरुंग यांवर हळू आवाजात बोलले. मलाच ते मिळमिळीत वाटलं. "काका, लष्करप्रमुखाचं नाव घ्या की! त्याने जमिनी लाटल्या हे सरळ सांगा." ते घुटमळले. "मार्थाला विचारू का?" मार्था त्यांची मुलगी, हार्लेमला राहते. मी म्हटलं, "विचारत काय बसता? एकदाच म्हणा, जोरात." त्यांनी म्हटलं.

व्हिडिओ पसरला आणि धमक्या सुरू झाल्या. अर्ज मात्र तिथे जाऊन स्वतः भरायचा होता. निघायच्या आदल्या दिवशी मार्था रडत माझ्याकडे आली. "तुमचं ऐकतात ते. थांबवा त्यांना." मी अक्षरशः हातापाया पडले. "जाऊ नका ना काका, दुसरं कुणीतरी उभं राहील."

"दुसरं कुणीतरी जाईल, असं म्हणतच आमचा देश इथवर आलाय," ते म्हणाले आणि बॅग भरत राहिले.

विमानतळावरच धरलं त्यांना. चार महिने झाले, कुठे ठेवलंय तेही कळत नाही. तिथल्या टीव्हीवर राजद्रोहाचा पुरावा म्हणून तेवढं एकच वाक्य पुन्हा पुन्हा दाखवतात. मला जेवण जात नाही. कापता आलं असतं ते वाक्य, एका मिनिटाचं काम होतं.

काल न राहवून मार्थाला फोन केला. "ते म्हणायला तयार नव्हते. मी भरीस घातलं."



"बाबा मला म्हणाले होते, ते वाक्य काढल्याशिवाय हा व्हिडिओ कुणाला पाठवू नकोस," ती म्हणाली. "मी तसाच सगळ्यांना पाठवला."

मग आम्हा दोघींपैकी कुणालाच फोन ठेवता येईना.