आण्णांच्या हातचा पेला

फिल्टर हाऊसमध्ये दोन गोष्टी साठतात, गाळ आणि किस्से. गाळाचं बरं असतं, व्हॉल्व उघडला की निघून जातो. किस्स्यांना तशी सोय नाही, ते कुणाला तरी सांगावेच लागतात!

गेली बारा वर्षं मी कृष्णाकाठच्या एका गावच्या जलशुद्धीकरण केंद्रात केमिस्ट आहे. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर उद्या तुमच्यापैकीच कुणीतरी "दुसऱ्या मजल्यावर पाणी का चढत नाही?" म्हणून फोन करेल. पण भूपाल आण्णांबद्दल सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. आण्णा आमचे हेड ऑपरेटर. पांढरी टोपी, अंगात खाकी शर्ट, आणि हातात कायम एक काचेचा पेला.

*

मी मूळची आटपाडीची. आमच्याकडे पाणी दिसलं की माणूस आधी भांडं शोधतो. ते शुद्ध आहे का, हा प्रश्न नंतरचा, आणि तो विचारेपर्यंत टँकर पुढच्या वस्तीला गेलेला असतो.

नोकरीच्या पहिल्या दिवशी मी नदीचं पाणी केंद्रात येताना पाहिलं. ऐन पावसाळा. पाणी कसलं, दुधाशिवायचा चहा! त्यात तुरटी पडली, गाळ खाली बसला, पाणी वाळूच्या थरातून उतरलं, शेवटी त्यात क्लोरीन मिसळला. दुपारी आण्णांनी तेच पाणी पेल्यातून माझ्यासमोर धरलं. मला आधी वाटलं, पेला रिकामाच आहे. इतकं नितळ! खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"प्या," आण्णा म्हणाले.

आमच्या केंद्राची ही रीत. ड्यूटी बदलताना जाणाऱ्या ऑपरेटरनं मोठ्या टाकीतल्या तयार पाण्याचा पेला भरून द्यायचा आणि येणाऱ्यानं तो प्यायचा. मगच रजिस्टरवर सही. पेला परत केला तर ड्यूटी बदलत नाही. नव्या माणसाची सुरुवातही याच पेल्याने होते.

"पण आण्णा, पिऊन काय कळणार? जंतू काय चवीला लागतात?" मी विचारलं. नवी नवी एम.एस्सी. होते ना मी!

"पानी तपासायला तुमची लॅब हाय म्याडम. पेला मानूस तपासतो. जे आपुन पिनार न्हाई, ते गावाला सोडायचं न्हाई."

मी पेला रिकामा केला आणि सहज विचारलं, "तुमच्या हातचा पेला कधी कुणी परत केलाय?"

"वीस वर्सांत एकदाबी न्हाई."

मला वाटलं, आता छाती फुगवतील. पण आण्णांचा चेहरा उतरलेला. म्हणाले, "त्येचंच भ्या वाटतंय बगा. लोकं पानी बगून पित्यात का मला बगून, कसं कळायचं?"

*

एक रिटायर झालेले गृहस्थ एकदा तावातावाने केंद्रात शिरले. "पाण्याला औषधाचा वास येतो! घशाखाली उतरत नाही!"

"कुठल्या गल्लीत ऱ्हाताय?" आण्णांनी विचारलं.

"पार शेवटच्या!"

आण्णा खुर्चीतून उठलेच. "शेवटच्या गल्लीपत्तूर पोचला व्हय? लय झ्याक! बसा, च्या घ्या!"

गृहस्थ भांबावले. मग आण्णांनी त्यांना समजावलं. क्लोरीन इथे टाकला म्हणजे संपलं नाही. वाटेत कुठे पाइप फुटून घाण शिरली तर तिचा समाचार घ्यायला तो शेवटच्या नळापर्यंत थोडासा उरायला हवा. नियमच आहे तसा. जंतू मरतात कुठे, हे कुणाला दिसत नाही. पण वास येतोय म्हणजे पहारेकरी जागा आहे.

"तवा रोज वास घ्या, आनि येनार न्हाई त्या दिवशी पळत या!"

गृहस्थ पुटपुटत गेले. चार महिन्यांनी सकाळी सात वाजता दारात हजर, लेंग्यावरच! "आण्णा, आज वास नाही!"

लगेच माणसं पाठवली. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशीच पाइपला तडा गेलेला, आणि शेजारून गटार. दुपारपर्यंत पाइप बदलला. गल्लीत एक पोर आजारी पडलं नाही. त्या दिवसापासून त्यांचा चहा आमच्याकडे कायमचा लागला.

*

आण्णांची आई, आक्का, नव्वदीच्या घरातली. जैनाचं घर, त्यामुळे पाणी दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय चुलीजवळ जात नाही. मुलगा गावभर शुद्ध पाणी पुरवतो, पण घरी आल्यावर तेच पाणी आक्का पुन्हा गाळणार! आण्णा कधी एका शब्दाने बोलले नाहीत.

एकदा आक्कांना केंद्र बघायची इच्छा झाली. वाळूच्या टाकीपाशी त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. "ह्ये तुजं फडकं व्हय रं?"

"व्हय आक्का."

"फडक्यात अडकलेले जीव आमी परत पान्यात सोडतो. तू?"

"वाळू धुतल्यावर गाळ सोडतो भाईर." आण्णांचा आवाज खाली गेला.

"आनि त्ये वासाचं औषद? त्येनं मरत्यात न्हवं जीव?"

आण्णांनी टोपी काढून हातात घेतली. "मरत्यात आक्का. पर गावात तानी लेकरं हायत."

आक्का पाण्याकडे वाकल्या. मग एवढंच म्हणाल्या, "मग मोजून घाल. लागंल तेवडंच. एक थेंबबी वर नगं."

क्लोरीन किती टाकायचा याचे सरकारी कागद मी पुष्कळ वाचलेत. कमी नको तसा जास्तही नको, असं त्यांतही लिहिलेलं असतं. पण आक्कांच्या तोंडून ऐकताना अंगावर जसा काटा आला, तसा ते वाचताना कधी आला नव्हता.

*

आण्णांचं नाक म्हणजे आमचं सगळ्यात जुनं यंत्र. क्लोरीनची टाकी जरा झिरपली तरी दारातूनच ओरडायचे, "वायसर बदला!" आम्हाला नंतर कळायचं.

कोरोनातून उठून कामावर आले तेव्हा त्यांनी अमोनियाची बाटली उघडली, क्लोरीनच्या खोलीत जाऊन आले, बायकोने डब्यात दिलेली लसणाची चटणी हुंगली. मग गुपचूप रजिस्टर ओढलं आणि टपोऱ्या अक्षरात लिहिलं, "माझे नाक बंद झाले आहे. आजपासून त्यावर कुणी विसंबू नये." खाली सही!

"आण्णा, हे रजिस्टरात लिहायचं असतं?"

"पंप बिगडला तर लिवतो न्हवं आपुन?"

*

नदीला नवं पाणी आलं की आमची परीक्षा असते. एका वर्षी इतकी माती आली की वाळूतून उतरलेलं पाणीही अंधुक दिसायला लागलं. गढूळपणा एकच्या आत हवा आणि यंत्र दाखवतंय तीन! आण्णांनी व्हॉल्व बंद केला. टाक्या धुऊन पाणी पुन्हा निवळेपर्यंत गावाचं पाणी बंद.

अर्ध्या तासात एका वजनदार पुढाऱ्याचा फोन. त्यांच्या पुतण्याचं लग्न त्याच दिवशी. "आण्णा, मांडवात हजार माणूस हाय. सोडा पानी. म्या सांगतोय न्हवं!"

"सोडतो की साहेब. तुमी निस्तं हितं या, पेला भरून ठेवतो. तुमी प्यालासा की व्हॉल्व उघडलाच समजा."

साहेब आले, फेटा बांधून, चार माणसं घेऊन. आण्णांनी पेला पुढे केला. साहेबांनी तो उजेडात धरला. फिरवला. परत धरला. मग त्यांनी पेला टेबलावर ठेवला आणि आल्या पावली गेले.

दहा मिनिटांनी लग्नाच्या मांडवातला स्पीकर पार आमच्यापर्यंत ऐकू आला. खुद्द साहेबांचा आवाज, "मंडळी, पानी आलं तरी आज उकळून घ्या! आनि टँकर मागवलाय, घाई करू नगा!"

आम्ही सगळे हसत होतो. आण्णा मात्र त्या ठेवलेल्या पेल्याकडे बघत म्हणाले, "बगून ठेवला. मला न्हाई बगितलं त्येंनी. असा मानूस आपल्यात पायजे हुता."

*

आण्णांच्या जागी येणार होता संपत. कडेगावचा, सैन्यात सतरा वर्षं काढून आलेला, म्हणून सगळे त्याला फौजी म्हणतात. कामाला वाघ! पण सीनियरने सांगितलं की विषय संपला. "उडी मार" म्हटलं तर हा विचारणार, "कुठल्या टाकीत?"

रिटायरमेंटला वर्ष उरलं तेव्हा आण्णांनी घरून डब्यात भाताची पेज आणली. चमचाभर पेज पेल्यातल्या पाण्यात कालवली आणि ड्यूटी बदलताना फौजीला दिली. पाणी चांगलंच धुरकट दिसत होतं, मला दुरून दिसत होतं!

फौजीने एका दमात पेला रिकामा केला. "ओके आण्णा!"

आण्णांनी कपाळावर हात मारला. "आरं गड्या, बगून तरी प्यायचं!"

"तुमी दिल्यावर काय बगायचं आण्णा?"

आण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. मला म्हणाले, "म्याडम, मी गेल्यावर ह्येला कुनी साहेबानं फोनवर सांगितलं, सोड पानी, तर ह्यो सोडंल. तीस वर्सं ज्या पान्याला जपलं, त्ये ह्येच्या एका 'ओके'वर गावात जाईल."

मग सुरू झालं शिक्षण. रोज दुपारी आण्णा फौजीला माझ्या लॅबमध्ये बसवायचे. पाणी आधी उजेडात बघायचं. मग थोडं काचेच्या नळीत घेऊन ओटीचे, म्हणजे क्लोरीन ओळखायच्या औषधाचे, थेंब टाकायचे. क्लोरीन असेल तर पिवळं होतं, नसेल तर जसंच्या तसं राहतं. फौजी सगळं बिनचूक शिकला. पण आण्णांच्या हातचा पेला मात्र तो तसाच प्यायचा, एका दमात. आण्णा नुसते बघत राहायचे.

*

आणि मग तो दिवस आला. आवारात मांडव, शाल, श्रीफळ, हार. स्टेजवर कुणीतरी सीलबंद पाण्याच्या बाटल्या मांडल्या होत्या. आण्णा पायरीवरच थांबले. "ह्या बाटल्या हायत तवर मी वर येत न्हाई!" बाटल्या गेल्या, आमचा माठ आला. आक्का पहिल्या रांगेत बसलेल्या. दोनला आण्णांची ड्यूटी संपणार, फौजीला पेला द्यायचा, मग सत्कार. सगळ्यांनी फोटोसाठी मोबाइल वर धरलेले.

त्याआधी थोडा वेळ आण्णा पेला घेऊन वाळूच्या टाक्यांकडून येताना मला दिसले. मला वाटलं, शेवटचं डोळे भरून बघायला गेले असतील. तिथलं पाणी गाळून झालेलं असतं, क्लोरीन त्याच्या पुढे पडतो.

दोन वाजले. आण्णांनी पेला फौजीच्या हातात दिला.

फौजीने तो उजेडात धरला. काचेसारखं स्वच्छ. त्याने पेला ओठांपर्यंत नेला आणि थांबला. खिशातून नळी काढली! मांडवात कुजबुज झाली. त्याने नळीत पाणी ओतलं, ओटीचे थेंब टाकले, नळी पांढऱ्या कागदासमोर धरली.

पिवळं झालं नाही.

फौजीच्या कपाळावर घाम. त्याने टाचा जुळवल्या, ताठ उभा राहिला, आणि पेला दोन्ही हातांनी आण्णांसमोर धरला.

"आण्णा... म्या पीत न्हाई."

"अरे, आजच्या दिवशी तरी!" स्टेजवरून आमच्या खात्याचे साहेब ओरडले. "सत्कार आहे माणसाचा!"

"माफी सर. पिवळं आल्याबिगर व्हॉल्वला हात लावनार न्हाई."

मी धावतच मोठ्या टाकीवर गेले, तिथलं पाणी नळीत घेतलं, थेंब टाकले. छान पिवळं! जसं हवं तसं. मी नळी उंचावून दाखवली. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले.

आण्णांनी फौजीच्या हातातला पेला घेतला, शेजारच्या कढीपत्त्याच्या बुडात ओतला, शांतपणे मोठ्या टाकीपर्यंत चालत गेले आणि पेला पुन्हा भरून आणला. फौजीने पुन्हा थेंब टाकले. पिवळं. तो प्यायला. रजिस्टरवर सही केली.

आण्णांनी डोक्यावरची टोपी नीट केली, आक्कांकडे एकदा बघितलं आणि स्टेजवरच्या खुर्चीत जाऊन बसले.

"हं," ते म्हणाले, "आता घाला हार."